अक्का यावल ३

पिंप्राळ्यात एक मोबाइल दुरुस्त करणारा आहे. माझ्या आईला, सगळ्यांच्या अक्काला, कमी दिसू लागल्यावर त्याने तिच्या फोनसाठी मोठ्या हिरव्या बटणाचं सॉफ्टवेअर बनवून दिलं होतं. मी हौसेने त्यावर कंपनीचं नवं टाकलं, ते बटण गेलं आणि यावलला एकटी राहणारी आई फोन उचलेना.

मी फोन त्याच्याकडे नेला. चष्मा कपाळावर सारून त्याने सेटिंगमधली आवृत्तीची ओळ वाचली. "हे आपलं नही शे, ताई." जपून ठेवलेली प्रत त्याने बसवली, तेव्हा तिथे 'अक्का यावल ३' दिसलं.

"नुसता आकडा पुरला नसता?"

"कोणासाठी केलं, ते आकड्याला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. तो माणूस मात्र माझ्या वहीत अजून 'मोबाइलवाला, पिंप्राळा' एवढाच आहे. नाव विचारायचं राहूनच गेलं.