चुन्याच्या गोलांचा उपाय

तुमी आधी चहा घ्या. हातात कप असला की माणूस मधीच उठून जात न्हाई, अन् मला ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायची हाय. एवढा येडेपणा मी जन्मात केला न्हाई. म्हंजे केलाय, पण त्याला अख्खी वस्ती गोळा झाली नव्हती.

आमची वस्ती चुडाव्याच्या टेसनापासून लय आत, शेतातल्या रस्त्यानं. पहाटं सायकल काढायची, टेसनावर लावायची, पॅसेंजर पकडायची अन् परभणीला शेठच्या वह्या-पेनाच्या दुकानात कामाला जायचं. पण हिवाळा आला की हरभऱ्यात जनावरं शिरू नयेत म्हणून जो तो बाभळी तोडतो, फांद्या रस्त्यानं वढत नेतो अन् शेताला काट्याची कुपाटी घालतो. कुपाटी त्यांच्या शेताला, काटे माझ्या टायरला. त्यात धुई अशी की आपलंच पुढचं चाक दिसत न्हाई.

पंचर झाली की गाडी गेली. गाडी गेली की शेठ. मागच्या बारीला शेठ शांतपणानं म्हणला, "बालाजी, अजून एकदा उशीर झाला तर घरीच ऱ्हा." वरडला असता तर परवडलं असतं. शांत माणसाचं मला लय भ्या वाटतं.

काटे उचलून फेकायचे की, असं म्हणताय ना? दोन दिवस तेच केलं. बैलगाडीच्या चाकाखाली काटा मातीत रुततो, वर नुसतं टोक ऱ्हातं. उपसून उपसून बोटांची चाळण झाली, अन् दुसऱ्या दिवशी नवा माल हजर.

मग माझा दिमाग चालला. म्हणलं काटा निघत न्हाई तर न्हाई, दिसला तरी पाहिजे. संध्याकाळी येताना सायकल हातात धरून पायी यायचं, अन् जिथं काटा तिथं चुन्याचा गोल काढायचा. जागा लयच बेकार असली तर गोलात लाल ठिपका. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून रंग उरलाच होता. सकाळी ब्याटरीच्या उजेडात काळ्या मातीवर ते गोल असे उठून दिसायचे की काय सांगू. गोल चुकवत मी थेट टेसनावर. आठवडाभर एक पंचर न्हाई. कुणाला सांगितलं का? न्हाई. अक्कल आपली, लोकाला फुकट कशाला द्यायची?

तेवढंच नडलं.

सुट्टीच्या दिवशी दारात दात घासत उभा होतो, तर कापूस वेचायला निघालेल्या बाया पळत माघारी आल्या. सगळ्यात पुढं शेजारची गयाबाई. "रस्त्यानं गोल हायेत. मधी काटा अन् लाल कुकू. कुणीतरी करणी केलीया."

माझ्या तोंडातला फेस तोंडातच. सांगून टाकावं असं मनात आलं, तेवढ्यात एकेक गोल बघत बघत गर्दी आली ती माझ्याच दारात येऊन थांबली. थांबणारच की, सायकल माझ्याच दारातून निघती.

आमच्या वस्तीत नजर उतरवणारे म्हातारे दगडूबा हायेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेकरा, तुझ्याच घरावर केलंय रे."

माझी बायको कांता मटकन खाली बसली. "तरीच. आठ दिवसं झाले, हे रोज उशिरा यायलेत. इचारलं तर एकटेच हसायलेत."

मी घाईघाईनं म्हणलं, "अगं, ते गोल मीच काढलेत. पंचर होऊ नये म्हणून."

तशी कांतानं हंबरडाच फोडला. "बघा, आता बडबडायला बी लागले."

"करणीचं हेच लक्षण," दगडूबा म्हणले. "माणूस सगळं आपल्याच अंगावर घेतो."

"आईच्यान दगडूबा, चुना दाखवतो," म्हणत मी घरात पळालो अन् चुन्याचं डबडं, लाल रंगाची पुडी घेऊन आलो. गलतीवर गलती. माझ्या हातात ती पुडी बघून पुढचे लोक मागच्यांच्या पायावर गेले.

"त्याच्याच हातानं काढून घेतलेत," गयाबाई डोळ्याला पदर लावून म्हणली. "बिचाऱ्याला सुद बी न्हाई."

तोंड उघडलं की लोक अंगारा लावायले. दुपारपर्यंत माझं कपाळ सारवलेल्या चुलीवाणी झालं. कांतानं फोन करून आपल्या भावाला बोलावून घेतलं. कापूस तसाच उभा, बाया त्या रस्त्याला पाय टाकंनात. शेवटी दगडूबांनी उपाय सांगितला: गोल गोमूत्रानं पुसायचे, अन् त्या त्या जागी टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवायचं.

"एवढ्या टाचण्या आणायच्या कुठून?" कुणीतरी इचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बिघडला तरी माणूस वह्या-पेनाच्या दुकानात होता ना. अन् मी? मी आणल्या की हो. दुसऱ्याच दिवशी, शेठच्या दुकानातून, डबीभर. घरात बायको रडायली, मेव्हणा माझा हात सोडंना. म्हणलं एकदाचं उरकू द्या.

संध्याकाळी उरकलं. गोल पुसले, लिंबं मांडली, माझ्यावरून नारळ उतरवला. मग रातच्याला त्याच रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या गेल्या.

पहाटं मी सायकल काढली. धुई गच्च, गोल एक बी न्हाई, अन् लिंबांचा पार चेंदामेंदा. वस्ती सुटायच्या आतच पुढचं चाक फुस्स. उतरून बघायलो तर मागचं फुस्स. ब्याटरी मारली तर काटा कुठला, टायरात टाचण्या. मी रस्त्यातच बसलो. मला रडू यायलं, खरं सांगतो.

दगडूबा आले, दोन्ही चाकं बघितली अन् मान हलवली. "लय जबर करणी हाय. एका डबीनं भागायची न्हाई. येताना दोन आण."

गाडी गेली. दुकानात पोचायला दुपार झाली. शेठ गल्ल्यावर बसलेला.

"काय झालं?"

"पंचर, शेठ."

"काटा?"

"टाचणी."

"रस्त्यात टाचणी कुठून आली?"

"आपल्याच दुकानातली हाय."

शेठनं मला पायापासून कपाळावरच्या अंगाऱ्यापर्यंत बघितलं. "मग आता?"

"अजून दोन डब्या पाहिजेत."

शेठ उठला. दोन डब्या कागदात नीट बांधून माझ्या हातात दिल्या अन् शांतपणानं म्हणला, "बालाजी, उद्यापासून कामाला येऊ नको. गिऱ्हाईक म्हणून येत जा."