मोडलेल्या सुईचा पंचनामा

माणसाच्या हातून पाप घडतं, आभाळाच्या मनात आलं की दुष्काळ पडतो, पण शिलाई मशीनची सुई आपोआप मोडली असं जगात आजवर घडलेलं नाही, असं आमच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. तीस वर्षं अमळनेरला गिरणीत फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि धुळ्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत धोतरं दोन आणि पाने-पेचकस बावीस होते. गल्ली त्यांना नाना म्हणायची, मी मामंजी म्हणायची. आमच्या घरात मशीन एकच, माझ्या माहेराहून आलेली. पण गल्लीत आठ-दहा मशिनी होत्या आणि त्या सगळ्यांची जबाबदारी गिरणीने जाताजाता आपल्यावर टाकली आहे, अशी त्यांची समजूत होती. कुणाकडे सुई मोडल्याची कुणकुण लागली की हातातला चहा ठेवून ते डोक्यावर टोपी चढवत. उघड्या डोक्याने पंचनाम्याला जायचं नाही, हा त्यांचा नियम.

पंचनाम्याची सुरुवात मोडलेला तुकडा शोधण्यापासून व्हायची. त्यासाठी त्यांच्याकडे दोरीला बांधलेला लोहचुंबक होता. तो जमिनीवरून फिरवत ते खोलीभर रांगायचे आणि तुकडा मिळेपर्यंत कुणाला जागचं हलू देत नसत. समोरच्या मास्तरांकडे एकदा ऐन जेवणाच्या वेळी सुई मोडली. पाहुणे पाटावर बसलेले, पानं वाढलेली, आणि मामंजी पंगतीच्या मागून चुंबक ओढत चाललेले. "बसल्या जागी बसा, पाय पोटाशी घ्या," एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. वरण निवलं, पाहुण्यांच्या पायांना मुंग्या आल्या, आणि शेवटी तुकडा सापडला तो मामंजींच्याच धोतराच्या सोग्यात. तो त्यांनी शांतपणे उचलला आणि "आता जेवा," असं सांगून ते घरी आले.

तुकडा मिळाला की तो तळहातावर ठेवून, चष्मा कपाळावर चढवून ते निकाल देत. नेढ्यापाशी मोडली असेल तर दोरा फार आवळला होता. मध्यावर मोडली तर कापड ओढलं आणि सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटली. वर बुडाशी मोडली तर सुईचा स्क्रू ढिला. टोक गेलं असेल तर जाड कापडाला बारीक सुई लावली. पातळ लुगड्याला चौदा नंबरची ठीक, पण खाकीला अठरा आणि त्याच्याही वर हवी. मग तो तुकडा काडेपेटीत जायचा आणि सोबत तारीख, घर आणि कारण लिहिलेली चिठ्ठी. मास्तरांच्या घरच्या चिठ्ठीवर कारण म्हणून "नवऱ्याशी भांडण" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. मास्तरीणबाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "त्यांना कसं कळलं हो?" त्यांनी हळूच विचारलं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका सुई मोडली तरी महिनामहिना कुणाला कळू देत नसत.

माझं लग्नसुद्धा या सुईच्या टोकावरच ठरलं. जळगावला आमच्या घरी ही मंडळी मला बघायला आली तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, भजन म्हणता येतं का ते विचारलं. मामंजी भिंतीशी ठेवलेल्या मशीनकडे पाहत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "सुई मोडली तर तुम्ही आधी काय करता?" माझी आई घरात अनवाणी फिरायची, म्हणून मी खरं ते सांगितलं, "आधी तुकडा शोधते." त्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "उठा आता. काही विचारायचं राहिलेलं नाही."

अशा या माणसाला एका सुईने पुरतं हरवलं, ती गोष्ट अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमाराची. आमच्या शेजारी एक शिंपी राहत. मांडववाल्यांच्या कनाती शिवायचं त्यांचं काम. ते अचानक वारले. मागे त्यांची बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्का नवऱ्याबरोबर मशीन चालवून तरबेज झालेल्या होत्या. वर्षश्राद्ध झालं आणि जुन्या ओळखीपोटी एका मांडववाल्याने त्यांना बारा कनाती सांगितल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नं दाट, त्याआधी हव्यात. सोनगीरकडच्या त्यांच्या भावाने निरोप धाडला होता, की शहरात एकटं राहून काय करतेस, खोली सोड आणि इकडे ये. अक्कांना जायचं नव्हतं. भावजयीच्या चुलीशी म्हातारपण काढायचं नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्या कनाती झाल्या तर धुळ्यात राहायला आधार होता.

पण सुया मोडू लागल्या. जाड कापड, त्यात काठाला दोरी घालून दुमडलेलं, आणि हातभर शिवण झाली की कट्. दोन दिवसांत अकरा सुया गेल्या. तिसऱ्या दिवशी अक्का आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "नाना, हाई मशीन मनं काही ऐकत नही. बठ्ठ्या सुया तुटी ग्यात. मी ईकी टाकस आता."

मशीन विकायचं ऐकताच मामंजींनी टोपी घातली. सुई बदलून एकवीस नंबरची लावली. दोऱ्याचा ताण सैल केला. कापड दाबणाऱ्या पायाचा स्क्रू आवळला, पत्र्याला पडलेला चरा कानशीने घासला, दुमडीवर साबण फिरवला, जाड जोड लाकडी हातोडीने ठोकून चपटा केला आणि सांगितलं, "जोड आला की पाय थांबवा, चाक हाताने फिरवा." अक्कांनी तसंच केलं. दीड हातावर सुई मोडली. मध्यावर. "कापड ओढता तुम्ही," मामंजी म्हणाले. "नही ओढत नाना," अक्का म्हणाल्या, आणि त्या ओढत नव्हत्या, ते मीही पाहत होते.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावरून उठले. काडेपेट्या काढून जुन्या चिठ्ठ्या वाचत बसले. आखाजीला बारा दिवस उरले होते आणि अक्कांच्या भावाची बैलगाडी कधी येणार, याची गल्लीत चर्चा सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा अक्कांकडे गेले, पण मशीनला हात लावला नाही. समोर पाटावर बसले आणि नुसतं पाहत राहिले. शिवून झालेली कनात मशीनच्या पलीकडून खाली लोंबत होती. जसजशी शिवण वाढे तसतसं लोंबणारं कापड जड होई आणि सुईखालचं कापड आपल्याकडे खेचून घेई. मामंजींनी बराच वेळ ते पाहिलं. मग विचारलं, "अक्का, आधी पलीकडून हे कापड कोण धरायचं?"

अक्कांचा पाय थांबला. "त्या धरेत ना. आमना घरधनी," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसत खाली बघून म्हणाल्या, "मना ध्यानमाच ऊनं नही."

मामंजी उठून मशीनच्या पलीकडे गेले, जमिनीवर मांडी घातली आणि लोंबतं कापड दोन्ही हातांवर झेललं. "चालवा," म्हणाले. कनात सरकत आली, ते घडी घालत गेले. अख्खी कनात झाली, सुई तशीच. आखाजीला दोन दिवस असताना बाराही कनाती मांडववाल्याच्या हातगाडीवर चढल्या. त्याआधी मोडलेल्या शेवटच्या सुईच्या चिठ्ठीवर कारण काय लिहिलं ते पाहायला मी काडेपेटी उघडली होती. चिठ्ठी कोरी होती.

पुढे त्यांनी आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून अक्कांच्या मशीनपलीकडे एक लांब बाक करून दिलं. कापड आता बाकावर विसावे, माणसाची गरज उरली नाही. तरी दुपारी चार वाजले की ते टोपी घालत. "बाक डुगडुगतं का बघून येतो," म्हणत. सासूबाई मला डोळ्याने खुणावत आणि हसत. कधीच अडवत नसत.

नंतर ह्यांची बदली जळगावला झाली. मामंजी आमच्यासोबत आले खरे, पण तिथल्या नव्या घरांमध्ये जाड कापड कुणी शिवत नव्हतं. चुंबक पेटीतच राहिला. दोन-तीन वर्षांत ते फार थकले, ऐकू कमी येऊ लागलं. अशात नशिराबादला कुणाच्या लग्नासाठी आलेल्या अक्का वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. आता त्यांच्याकडे दोन मशिनी होत्या आणि हाताखाली शिवायला एक बाई होती. मामंजी खाटेवर उठून बसले. इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाले, "सुया मोडतात का?"

अक्कांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुटतीस ना नाना," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तुम्ही नहीत ना तठे."

मामंजींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझ्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि सुईचा नंबर, दोऱ्याचा ताण, स्क्रू, पत्रा असं एकेक थरथरत्या अक्षरात लिहू लागले. दिवेलागणीपर्यंत लिहीत होते. मी चहा करायला आत गेले तशा अक्का माझ्यामागे आल्या आणि चुलीपाशी उकिडव्या बसल्या.

"वरीसभरमा एक बी सुई तुटनी नही माय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यास्ले सांगू नको."

मी नाही सांगितलं.