येलिस ब्रोकॉ न्यूयॉर्कला उतरतो

शेजारच्या राज्यातल्या एलिझाबेथटाऊनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या आगबोटीचं सुकाणू येलिस ब्रोकॉच्या हाती होतं, पण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात आगबोटी चालवायचा मक्ता एकाच मंडळीला देऊन टाकला होता. दुसऱ्या कुणाची बोट आली की शिपाई तिच्यावरच्या माणसांना धरायचे. म्हणून बोट लागली रे लागली की हा धिप्पाड गडी बंबाच्या लाकडांमागे दडी मारायचा. एरवी कुणाच्या बापाला न भिणारा माणूस!

त्याची मुलगी फेमी न्यूयॉर्कलाच दिलेली. तिला मुलगा झाला. आजोबांनी तिथल्या चर्चमध्ये येऊन बाळाला हातात धरल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, असा तिने हट्टच धरला. पाद्री कुरकुरत होता, बाळाला दात यायला लागले होते, आणि येलिस आतल्या आत झुरत होता.

या मक्त्यावरचा खटला तिकडे वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टात चालू होता. बोटीकडे साऱ्या देशाच्या सरकारचा परवाना होता. तो मोठा की न्यूयॉर्कचा मक्ता, एवढाच प्रश्न. सगळं अडलं होतं ‘व्यापार’ या एका शब्दावर.

“व्यापार म्हणजे मालाची खरेदी-विक्री,” गुत्त्यात लोहार म्हणाला. “तू तर माणसं नेतोस. ती काय बटाटे आहेत?”

“बटाटे परवडले,” येलिस म्हणाला. “भाड्यावरून हुज्जत तरी घालत नाहीत.”

मार्चात निकाल लागला. बोटीने येणंजाणं हाही व्यापारच, आणि राज्याराज्यांमधल्या व्यापारात साऱ्या देशाचा कायदा वरचढ. मक्ता गेला!

बातमी येऊन पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. सवयीने येलिस लाकडांकडे वळला, तशी सगळी बोट हसली. तो उतरायच्या फळीपाशी आला आणि थबकला. समोर त्याला धरायला दर वेळी येणारा तोच जुना शिपाई उभा होता.

“उतरा की, ब्रोकॉ,” शिपाई म्हणाला. “इतकी वर्षं तुमच्या मागावर आहे. एकदा तोंड तरी बघू द्या.”

“बघण्यासारखं नाही हो ते.”

“बाबा, चला,” फेमीने गर्दीतून हाक मारली. “पाद्रीबुवा खोळंबलेत.”

येलिस उतरला. तिने बाळ त्याच्या हातात दिलं. भर दुपारी, भर रस्त्यात त्याला रडू फुटलं, आणि शिपायाच्या देखत तो पोटभर रडला.