निपाणीच्या वखारीत दुसऱ्यांदा म्हटलेलं पद

निपाणीचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी मुलींच्या वह्या तपासत होते. कार्ड वहिनीच्या नावानं होतं. तंबाखूचे व्यापारी नेमाण्णा यांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. येत्या रविवारी दुपारी वखारीत बुवांचा जलसा आहे, दरसालप्रमाणे. अण्णा राहिले नाहीत, तरी घरचं कुणीतरी यावंच.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. गेल्या उन्हाळ्यात विषमज्वरानं गेले. कचेरीत कारकून होते, घरात मोजकंच बोलायचे. पण वर्षातून एकदा रजा काढून निपाणीला जायचे, बुवांचं दाराचं पद ऐकायचे आणि परत आल्यावर आठवडाभर शीळ घालत हिंडायचे. हे पद तीस वर्षांपूर्वी एका नाटकात होतं. नाटक लगेच पडलं, त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. पद तेवढं राहिलं. नवरा परत आलेला नाही, रात्र झाली आहे आणि बायको सासूला सांगते की दार लावू नका. एवढंच त्यात आहे. पण बेळगाव, चिकोडी, बोरगाव, कुठंही बुवा आले की लोक त्या पदासाठी गाड्या जुंपून जातात.

दर वर्षी अण्णा मला म्हणायचे, "इंदू, चल एकदा." मी कधी वह्या पुढे करायची, कधी परीक्षा. ते म्हणायचे की बुवा पहिल्यांदा म्हणतात ते आपण नीट बसावं म्हणून, पद खरं असतं ते दुसऱ्यांदा. मला यातलं काही कळायचं नाही आणि मी विचारतही नसे.

वहिनीला वर्षभर बाहेर पडता येत नव्हतं. तिनं कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या वह्यांवर आणून ठेवलं. म्हणाली, "इंदूताई, तुम्ही जावा. दोन्ही खेपेला ऐका आणि मला येऊन सांगा."

मला एकटीला पाठवणं घरात कुणाला पटलं नसतं, म्हणून शनिवारी सोबत आमचे चुलत चुलते आप्पा निघाले. वय सत्तर. कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही, पण निपाणीला फुकट जाऊन यायला त्यांची ना नव्हती.

बेळगावाहून निपाणीला जायचं असेल त्यांनी सकाळची पहिली सर्व्हिस मोटार धरावी. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे सध्या गाड्या कोळशाच्या गॅसवर चालतात. मागच्या बाजूला पिंपासारखी भट्टी बांधलेली असते. ती पेटून गॅस धरेपर्यंत अर्धा तास जातो, तेव्हा वेळेवर पोचण्याची घाई करू नये. जागा मात्र पुढची धरावी. मागं बसणारा निपाणीला उतरतो तेव्हा काजळीमुळे त्याला घरचे ओळखत नाहीत. तिकीट सव्वा रुपया पडलं. पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. काकती, हत्तरगी, यमकनमर्डी अशी गावं मागं पडत जातात, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते आणि मोटार इतक्या बेतानं जाते की कणसं मोजता येतील.

आप्पांनी काकतीपर्यंत शेजारच्या गृहस्थांच्या मुलीचं स्थळ जमवलं आणि हत्तरगीला ते मोडलं. संकेश्वरला मोटार थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला. साखरेची टंचाई, म्हणून चहा गुळाचा. नाव ठेवण्यासारखा नव्हता, आलं भरपूर होतं.

संकेश्वर सोडल्यावर तवंदीचा चढ लागतो. तिथं गाडीचा दम संपला. ड्रायव्हरनं बायकांना बसू दिलं आणि पुरुषांना उतरवलं. आप्पाही उतरले. वयामुळे कुणी त्यांना हात लावू देत नव्हतं, तरी ते मागं उभे राहून सगळ्यांना कसं ढकलायचं ते सांगत होते. वर पोचल्यावर त्यांनी ड्रायव्हरला गाठलं.

"तिकिटाचे पैसे आमच्याकडनं घेतलास, ढकलायचं बी आम्हीच. मग मोटारीनं काय केलं रं?"

"आप्पा, तुमाला सोबत केली की," ड्रायव्हर म्हणाला.

सगळी मोटार हसली. मीही हसले. मग एकदम वाटलं की अण्णा ह्याच चढावर दर वर्षी उतरून ढकलत असतील आणि घरी त्यांनी ते कधी सांगितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. घाट उतरल्यावर वाऱ्याबरोबर तंबाखूचा वास आला. निपाणी दिसायच्या आधी कळते ती अशी.

नेमाण्णांचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. दारातच त्यांच्या घरच्या पद्माक्का उभ्या होत्या. "बर्री, बर्री," म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. त्या कन्नडमध्ये सुरुवात करतात, मराठीत येतात आणि राग आला की पुन्हा कन्नडमध्ये जातात. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी शाळेत शिकवते म्हणून तेवढी सुधारले आहे. बेळगावचा कुंदा नेला होता, तो त्यांनी देवाजवळ ठेवला. घर जैनांचं, म्हणून जेवण दिवस मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, ताक. लोणी इतकं वाढलं की आप्पांनी तेवढा वेळ बोलणं थांबवलं.

जलसा दुपारी का असतो हे तिथं कळलं. ऐकायला येणारी निम्मी घरं जैनांची. गाणं संपवून उजेडात जेवता आलं पाहिजे आणि खेड्यातल्या गाड्याही दिवेलागणीला घरी पोचल्या पाहिजेत.

रविवारी सकाळी शेंगा निवडताना पद्माक्कांनी मला एक गोष्ट सांगितली. बुवा आदल्या दिवशी येऊन नेमाण्णांशी बोलले होते. वय झालं. मागच्या दोन गावांत दाराचं पद म्हटलं तर लोकांनी टाळ्या दिल्या आणि दुसरं काही म्हणा म्हणाले. वन्समोअर आला नाही.

"बुवा म्हणाले, निपाणीनं बी मागितलं न्हाय तर आजपासनं हे पद बंद," पद्माक्का म्हणाल्या. "पण निपाणी मागंल की. दरसाल मागती. तुम्ही काळजी करू नका."

मला मात्र काळजी लागली. वहिनीला दोन्ही खेपांचं सांगायचं होतं. आणि मला स्वतःला, उशिरा का होईना, अण्णा काय ऐकायला जायचे ते ऐकायचं होतं. ते दुसऱ्यांदाच ऐकायला मिळणार होतं.

निघण्यापूर्वी मी आप्पांना बाजूला घेतलं. मोटारीतला प्रकार पाहिला होता. म्हटलं, तुम्हाला पुढं बसवतील, तिथं गाणं चालू असताना आणि संपल्यावरही एक अक्षर बोलू नका. आप्पांना जरा लागलं, पण ते हो म्हणाले.

वखार म्हणजे मोठं पत्र्याचं गोदाम. नवा माल यायला अवकाश होता, म्हणून रिकामं. दोन दिवस आधीपासून पाणी शिंपडून जमीन सारवली होती, तरी भिंतींतून वास येतच होता. परगावचा माणूस आत आला की शिंकतो. निपाणीकर त्याची वाटच बघत असतात. मी सात शिंका दिल्या. मागून एक बाई म्हणाली की गेल्या साली संकेश्वरची एक नऊवर गेली होती. कुणाला जायचं असेल तर जाड रुमाल न्यावा. बुवांना मात्र तिथं काही होत नाही. उलट त्या वखारीत गळा मोकळा होतो, असं ते म्हणतात म्हणे.

पुरुष खाली सतरंज्यांवर. बायकांची जागा माळ्यावर, शिडीनं चढायचं, पुढं किंतानाचा पडदा. पडद्याला बायकांनी इतकी वर्षं बोटं घालून भोकं मोठी केली आहेत, त्यामुळे दिसतं सगळं. बुवा आले. बारीक अंगाचे, डोक्याला पांढरा फेटा, धोतर नीट चुणीचं. खाली बसताना त्यांना पेटीवाल्यानं हात दिला. नेमाण्णांनी आप्पांना अगदी समोर, तक्क्याशी बसवलं. आप्पांची मान ताठ होती.

दोन-तीन गाणी झाली. लोक माना डोलवत होते, पण मनातून थांबलेले दिसत होते. मग बुवांनी पेटीवाल्याकडे बघितलं आणि दाराचं पद सुरू झालं.

कुठला राग ते मला सांगता येणार नाही. आवाज सुरुवातीला खरखरला. वरच्या जागी ते पोचले, पण लागलीच खाली आले. चांगलं होतं. खरं सांगायचं तर एवढ्यासाठी कोळशाच्या मोटारीतून यावं असं मला वाटलं नाही. पद संपलं. टाळ्या झाल्या आणि टाळ्या थांबल्या.

कुणी काही म्हणालं नाही.

मला वाटलं, लोक श्वास घेत असतील. पण खाली दोनशे माणसं नुसती बसून होती आणि सगळी आप्पांच्या पाठीकडे बघत होती. नेमाण्णा तर वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पा समोर नजर लावून बसलेले, ओठ घट्ट मिटून.

पद्माक्कांनी माझा दंड धरला. "तुमचे आप्पा म्हणंनात का?"

"काय म्हणायचं?"

"मान तुमच्या घरचा हाय न्हवं. दाराच्या पदाचा वन्समोअर पयला अण्णांनी म्हणायचा, मग गावानं. बारा वर्सं चालत आलंय. त्यासाठीच तर घरचं माणूस बोलावलं."

आमच्या भागात हे असं आहे. देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे घराला लागलेलं असतं आणि ते घर हजर असताना दुसरा कुणी पुढं होत नाही. गाण्यालाही त्यांनी तेच लावलं होतं, हे मला कुठून ठाऊक असणार? अण्णांनी सांगितलं नव्हतं. कार्डातही लिहिलेलं नव्हतं, कारण निपाणीत ते सगळ्यांना ठाऊकच होतं. आणि आप्पांचं तोंड मीच बंद करून ठेवलं होतं.

शिडी दुसऱ्या टोकाला होती, मध्ये चाळीस बायका. बुवांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग हळूच हसले, मान हलवली आणि मागच्या माणसाला तंबोरा खाली ठेवायची खूण केली. पेटीवाल्यानं भाता मिटला.

मी उठून पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "वन्समोअर."

मला दुसरा मोठा आवाज येत नाही. चौथीच्या वर्गातला दंगा थांबवायला जो लावते तोच लागला. पत्र्यामुळे तो दुप्पट झाला असावा. दोनशे डोकी वर वळली. बाईमाणसानं माळ्यावरून असं ओरडलेलं त्या वखारीत कुणी ऐकलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, आता शिडीनं उतरून सरळ बेळगावला चालत जावं. तेवढ्यात नेमाण्णांनी "वन्समोअर" म्हटलं आणि मग सगळी वखार उठली. आप्पांनीही तोंड उघडलं. सगळ्यात शेवटी गप्प झाले तेही आप्पाच.

बुवांनी वर बघून विचारलं, "कोण त्या?"

"अण्णांची बहीण," नेमाण्णा म्हणाले.

"बाई, लई उशीर केलासा," बुवा म्हणाले. "मी घरी निघालतो."

लोक हसले. बुवांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, तंबोरा पुन्हा जुळवून घेतला आणि डोळे मिटले.

दुसऱ्यांदा त्यांनी वरच्या जागी जायची घाईच केली नाही. दार लावू नका, एवढंच ते वेगवेगळ्या तऱ्हेनं सासूला सांगत राहिले. आधी विनवून, मग रागावून, मग जणू सहज, पाणी तापत ठेवा म्हणावं तसं. आवाज फाटला तिथं त्यांनी तो फाटू दिला. याहून जास्त मला लिहिता येत नाही. माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती आणि खाली सगळी माणसं तोलून ठेवलेल्या तंबाखूच्या पोत्यांसारखी एका जागी स्थिर होती. संपल्यावर टाळ्या यायला वेळ लागला. तिसऱ्यांदा कुणी मागितलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा सूर्य होता. मी आप्पांना विचारलं की सगळे तुमच्याकडे बघत होते, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? ते म्हणाले, "वाटलं की. वाटलं, ह्यांना माझ्या गप बसण्याचं नवल वाटतंय."

सोमवारी पहाटेची मोटार मिळाली. तवंदीचा घाट या बाजूनंही चढावाच लागतो, आप्पांनी यावेळी आधीच पायी चालायला सुरुवात केली. त्या दिवशीची शाळा अर्धीच चुकली.

घरी वहिनी चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं, आप्पांचं गप्प बसणं, माझं ओरडणं, बुवांचं बोलणं. ती ऐकत भाकऱ्या थापत होती. एक गोष्ट मात्र मी मोटारीतल्या मोटारीत तिला सांगायची नाही असं ठरवलं होतं. तरी ती तोंडून निघालीच. मी अण्णांसाठी गेले होते. वाटेत, घाटात, नेमाण्णांच्या ओसरीवर, सारखी त्यांची आठवण होत होती. पण बुवा दुसऱ्यांदा म्हणत होते तेवढा वेळ मला अण्णा एकदाही आठवले नाहीत. ते आहेत की गेले, मी कोण, कुठली, काहीच नाही. पद संपल्यावर एकदम आठवले आणि मला फार वाईट वाटलं.

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मग ते काय तिथं बसून माझी आठवण काढायचे व्हय?" ती म्हणाली. "घरदार, कचेरी, मी, सगळं इसरायला मिळतं म्हणून तर जायचे. मला तसं सांगून जायचे ते."

तिनं मला पाट सरकवला, भाकरी वाढली आणि विचारलं की त्या माळ्यावर शिडी किती उंच आहे, नऊवारी नेसून चढता येते का. मी म्हटलं, येते.

"मग पुढच्या साली मीबी येतो," वहिनी म्हणाली. "वर्ष सरलेलं असंल."