आतोबांचं प्रस्थान

बेगमपेटच्या विमानतळावरून त्या काळी जितकी मराठी माणसं उडाली ती सगळी आमच्या आतोबांनी उडवली, असं मी म्हटलं तर वैमानिकांवर थोडा अन्याय होईल, पण थोडाच. वैमानिक विमान वर नेई, एवढंच. माणसाला त्याच्या उंबऱ्यापासून विमानाच्या शिडीपर्यंत नेऊन पोचवणं हे खरं जोखमीचं काम, आणि ते आतोबांचं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निजामाच्या अमदानीपासून महसूल खात्यात नोकरीला, राहायला बरकतपुऱ्यात स्वतःच्या घरात. फायलींवर उर्दूत असे शेरे लिहीत की वरचे साहेब ते मोठ्यानं वाचून दाखवत. अंगावर शेरवानी, कपाळावर गंध, आणि डोक्यात चोवीस तास विमान. स्वतः मात्र ते विमानात कधी बसलेले नव्हते. त्यामुळे पहिल्यांदा विमान पाहिलं तेव्हा त्यांचा जो आ वासला तो पुढं कधी पुरता मिटलाच नाही, आणि त्यांच्याकडे बघून माझा.

ओळखीतलं कोणी विमानानं निघालंय अशी कुणकुण लागली की आतोबा कोणी न बोलावता हजर होत. आदल्या दिवशी रंगीत तालीम व्हायची, आणि तीही सामानासकट. माझ्या वडिलांचे एक स्नेही, शाळेचे हेडमास्तर, मुलीचं लग्न ठरवायला मुंबईला निघाले होते. आतोबांनी त्यांना आदल्या सकाळी पूर्ण पोशाखात, वळकटी आणि ट्रंकेसह सायकलरिक्षात बसवलं. दुसऱ्या रिक्षात आतोबा आणि मी. हेडमास्तरीणबाईंनी हातावर दही घातलं, शेजारणी दारात आल्या, कोणीतरी हारही घातला. हुसेनसागराच्या बंधाऱ्यावरून आम्ही बेगमपेटला पोचलो, विमानतळाच्या फाटकाशी पाच मिनिटं उभे राहिलो आणि परत आलो. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर किती वेळ जातो हे कळायला नको का, असं आतोबांचं म्हणणं होतं. म्हशी काही आल्या नाहीत, म्हणून आतोबा परतताना जरा नाराजच होते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर खरेच निघाले तेव्हा एकही शेजारीण बाहेर आली नाही.

त्या काळी लहान विमानांत बसण्याआधी सामानाबरोबर माणसाचंही वजन करत. आपल्या माणसाचं वजन परक्या लोकांसमोर पहिल्यांदा उघड व्हावं हे आतोबांना अब्रूला धक्का लागल्यासारखं वाटे. म्हणून ते माणसाला आधीच बेगम बाजारात, त्यांच्या ओळखीच्या मिरचीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नेऊन वजन करून घेत. माझे वडील वकील, कोर्टात सगळे त्यांना वचकून असत. ते दिल्लीला निघाले तेव्हा मिरचीच्या पोत्याच्या जागी, काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसलेले मी स्वतः पाहिलेत. शेठनं वजन दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वडिलांनी आतोबांकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात जन्मठेप होती. मिरचीची पूड बसलेल्या त्याच कोटावर वडील विमानात बसले, आणि ते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे उतारू दिल्लीपर्यंत शिंकत गेले असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

पण आतोबांचं खरं कसब प्रस्थान ठेवण्यात. प्रवासाचा मुहूर्त एका वेळी आणि निघणं दुसऱ्या वेळी, असं झालं की आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड माणसाच्याच एखाद्या कपड्याच्या फडक्यात बांधायचं आणि जायच्या वाटेवरच्या दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरलं जातं. मग त्यानं आपल्या सवडीनं यायचं, वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं. आगगाडीच्या काळात ही सोय ठीक होती. विमानं पंचांगाला अजिबात जुमानत नसल्यामुळे आतोबांचं काम एकाएकी वाढलं. विमानतळाच्या वाटेवर मराठी घर नव्हतं, तेव्हा त्यांनी फाटकासमोरच्या इराणी हॉटेलवाल्या आगांना पटवलं. बिस्किटांच्या काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर, आमच्या लोकांची गाठोडी ओळीनं बसू लागली. आगांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "रावसाब, आधे मुसाफिरां तो मेरी अलमारी में बैठे हैं, विमान में क्या जाता?" असं ते एकदा म्हणाले, आणि आतोबांनी त्यांना अत्यंत गंभीरपणे सांगितलं की हौ, शास्त्रानं तसंच आहे.

आणि मग विमान सुटायची वेळ येई. इथं आतोबा वेगळेच होत. कुंपणाशी जाऊन ते पायांतले जोडे काढत. पंखे फिरू लागले, धूळ उडाली, बाकी सगळे डोळे झाकत. आतोबा झाकत नसत. विमान पळू लागलं की त्यांचा श्वास थांबे, आणि चाकं जमिनीवरून सुटली की ते हलकेच म्हणत, "उचललं." एवढा एकच शब्द. ठिपका दिसेनासा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग आगांकडे चहा. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होतो, विमान का उडतं ते मला सूत्रासकट पाठ होतं. तरी आतोबांशेजारी उभा असलो की मला ते खरं वाटत नसे.

पुढं भाषावार प्रांतरचना आली आणि आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, आणि सचिवालयातली टेबलं, कपाटं, माणसं यांचीही वाटणी सुरू झाली. ज्याच्या नावाचा हुकूम निघे त्यानं मुंबईला रुजू व्हायचं. आतोबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेजारचे गेले, पत्त्यांच्या डावातले तिघे गेले, मिरचीच्या काट्यावर बसलेल्यांतले कितीतरी गेले. बरेचजण आगगाडीनंच गेले. ज्यांना तातडीनं रुजू व्हायचं होतं ते विमानानं. प्रत्येकाचं "उचललं" आतोबांनी म्हटलं. आता चहाला आगांकडे बसलो की टेबलाशी फक्त आम्ही दोघं असायचो.

मग एक दिवस आतोबांच्याच नावाचा हुकूम आला. आत्यानं आवराआवर करून मागून यायचं, यांनी ताबडतोब निघायचं. मी मनात म्हटलं, आता काय ती तालीम होईल, काय ते वजन होईल. काहीच झालं नाही. पंचांग काढलं नाही, बेगम बाजारात गेले नाहीत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला उशीर होऊ दिला नाही तो स्वतः इतक्या उशिरा निघाला की बंधाऱ्यावर मी रिक्षावाल्याला हातापाया पडून पळवत होतो. आगांच्या दाराशी थांबून मी गाठोडं मागितलं. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. तिथं नुसती बिस्किटं होती. "इन्हों तो रखेच नहीं," आगा म्हणाले, आणि आतोबांकडे बघायचं टाळून काच पुसू लागले.

कुंपणाशी आल्यावर आतोबांनी शेरवानीच्या खिशातून एक गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्याच जुन्या उपरण्याचं फडकं होतं.

"हे गौलीगुड्याला तुमच्या घरी ठेव," ते म्हणाले. "बरकतपुऱ्याला नको. माझ्याआधी ते घरी पोचायचं नाही."

मला समजेना. प्रस्थान जाण्याच्या वाटेवर ठेवायचं, आणि गौलीगुडा तर उलट्या बाजूला.

"हे परत येण्याचं आहे," आतोबा म्हणाले. "जाण्याचं ठेवलंच नाही. सरकार नेतंय. मी कुठं निघालोय?"

ते शिडी चढले. विमान पळालं, चाकं सुटली. बाजूला म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून मी जोडे काढून तो शब्द म्हणायला गेलो. पण माझ्या तोंडून तो बाहेर पडला नाही.

प्रस्थान फार दिवस शिळं ठेवत नाहीत. आईनं मुहूर्त बघून गाठोड्यातले तांदूळ बदलायला सुरुवात केली, आणि ते काम आमच्या घरचंच होऊन बसलं. आत्या लग्नकार्याला येऊन जायची. आतोबा येत नसत. पाहुणा म्हणून आलो तर प्रस्थान वाया जाईल, येईन तो राहायलाच, असा निरोप ते धाडत. मला त्यांचा रागही येई. एवढं साधं येऊन जायला काय हरकत होती? पण शास्त्र त्यांचं होतं, आणि पेन्शन काही फार लांब नव्हती. ती घ्यायच्या आधीच ते मुंबईत वारले.

वर्षभरानं आत्या कायमची परत आली, विमानानं. मी तिला टॅक्सीत घेतलं. गौलीगुड्याला चहाला उतर म्हटलं तर ती उतरली नाही. "आधी यांचं गाठोडं आण," म्हणाली. ते तिनं मांडीवर घेतलं आणि त्यावर पदर ओढला. बरकतपुऱ्याला मी कुलूप काढलं. तिनं वाकून गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं, क्षणभर थांबली, आणि मग त्याच्यामागून स्वतः आत गेली.

संध्याकाळी तिनं गाठ सोडली. सुपारी देवापुढं ठेवली. मूठभर तांदूळ होते ते धुऊन त्या दिवशीच्या भातात घातले, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.