ओल्या सागवानाची बैठक

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आणि गंमत पाहा — अमरावती-अकोल्याकडचे निम्मे लोक छातीवर हात ठेवून सांगतील की ही त्यांनी माझ्याच तोंडून ऐकली आहे! कुणी लग्नात, कुणी बारशाला, कुणी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना. वकिलाच्या खिडक्या फुटल्याचा किस्सा. माझा हुकमी किस्सा! मी उभा राहतो, कमरेत वाकतो, नाक पुढे काढून लाकडाचा वास घेतो — आणि माणसं पोट धरून लोळतात. तोच किस्सा. पण तो नव्हे. कसं सांगू? तुम्ही नेहमीसारखे हसायला सरसावून बसला असाल तर बसा. सुरुवातीला हसण्यासारखं आहेही.

वऱ्हाड प्रांत तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी अमरावतीला घरांचे नकाशे काढायचो. तिशीचा होतो, कानामागे पेन्सिल, आणि आपल्यासारखा आपणच अशी समजूत. एके दिवशी अकोल्याचे एक वकील कसलंसं विलायती मासिक काखोटीला मारून माझ्याकडे आले. त्यात एका बैठकीचं चित्र होतं. एक अख्खी भिंत काचेची, बाकी सगळं लाकूड, आणि त्या लाकडाला रंगाचं बोटसुद्धा नाही. "मला हे पाहिजे," वकील म्हणाले. "असंच."

आता आमच्याकडची बैठक म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. ऊन आत येऊ नये म्हणून हातभर खिडकी, आणि लाकूड म्हटलं की त्यावर हिरवा नाहीतर निळा ऑइल पेंट. उघडं लाकूड म्हणजे मालकाचा हात आखडला, असाच अर्थ. आणि हे म्हणतात भिंतभर काच! मी नकाशा काढला. पूर्वेला, अंगणातल्या कडुनिंबासमोर, पुरुषभर उंचीच्या तीन खिडक्या. खिडक्यांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सागाचं लांब बाक. समोरच्या भिंतीला सागाच्या उघड्या फळ्या. वकिलांच्या आईनं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काहून रे बाप्पा, पावन्यायले काय हलवायाच्या कपाटात मांडून ठेवता?"

मी हसलो. आपण काळाच्या पुढे आहोत असं वाटताना माणूस कसा हसतो, तसा.

सुतारकामाला मी अचलपूरहून गुलाबराव मिस्त्रींना आणलं. पन्नाशी उलटलेली, पाठीत किंचित वाकलेले, बोलणं कमी. मी त्यांना समजावलं की रंग लावायचा नाही, फक्त तेल पुसायचं, सांधा न् सांधा दिसला पाहिजे. मला वाटलं नाक मुरडतील. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सायेब, जनमभर मी सांधे केले अन् लोकायनं त्याच्यावर रंग फासला. मायं काम लोक पायतीन, असं हे पयलंच."

हे वाक्य मी किस्स्यात कधीच घेतलं नाही. हसू येत नाही ना त्याला.

त्यांची एकच अट होती. लाकडानं उन्हाळा खाल्लेला पाहिजे. म्हणजे कापलेल्या फळ्या, मधे पट्ट्या घालून, वाऱ्यावर रचून ठेवायच्या आणि आमच्या वैशाखाची झळ त्यांना लागू द्यायची. जे आकसायचं, वाकायचं, ते तिथेच आकसू-वाकू द्यायचं. मगच रंधा. आमच्या हवेत एरवी चालतच नाही. पण एवढ्या लांबीचं, उन्हाळा खाल्लेलं सागवान परतवाड्याच्या बाजारात त्या वर्षी नव्हतं. मिस्त्री म्हणाले, थांबू. पुढच्या पावसाळ्यात सुरू करू.

थांबू? वकिलांनी दिवाळीच्या फराळाला नागपूरच्या मोठमोठ्या मंडळींना बोलावलं होतं, ती बैठक दाखवायला. माझी बैठक! शिवाय नागपूरचा एक नकाशेवाला त्यांच्या घरी चकरा मारतो, असंही माझ्या कानावर आलं होतं. मी थांबलो असतो तर काम त्याचं झालं असतं. झालं असतं का? — कोण जाणे. मी ते पाहायला थांबलोच नाही. मी परतवाड्याला गेलो, मेळघाटातून नुकतंच उतरलेलं, ताजं कापलेलं सागवान घेतलं आणि अकोल्याला पाठवून दिलं.

मिस्त्रींनी पहिल्या फळीवर रंधा मारला. ढलपी लांबलचक, मऊ निघाली. त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली. "हे ओलं हाय, सायेब."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, हे दोन उन्हाळे गोदामात रचलेलं होतं, मी स्वतः पाहिलं. पावसात गाडीवर भिजलं, म्हणून वरवर ओल आहे. त्यांनी पुन्हा वास घेतला. ढलपी बोटाला गुंडाळली, सोडली. पटलं नव्हतं. आणि मग मी — माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती — मी तिची शपथ घेतली.

"पोरीची शपथ घेतली म्हणजे संपलं," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

दिवाळीला बैठक तयार! काय सांगू तुम्हाला — सकाळी त्या खिडक्यांतून कडुनिंबाची हिरवी सावली आत यायची आणि सागाच्या फळ्यांवर हलायची. नागपूरकर मंडळी फराळाच्या बशा हातात घेऊन उभीच राहिली. वकिलांच्या आईसुद्धा त्या बाकावर बसल्या, अगदी कडेला, पण बसल्या. सगळ्यांनी मला विचारलं, ही कल्पना कुणाची? मी मान झुकवली. मिस्त्री दाराशी उभे होते. लोक सांध्यांवरून बोट फिरवत होते आणि ते त्या बोटांकडे पाहत होते.

मग उन्हाळा आला.

आधी फळ्यांमधे फटी पडल्या. मग चौकटी पिळल्या. वैशाखातल्या एका दुपारी मधल्या खिडकीची काच बंदुकीच्या बारासारखी फुटली. वकिलांच्या आईनं आत पापड वाळत घातले होते, त्यांवर काचांचा सडा. दुसऱ्या दिवशी दुसरी खिडकी. किस्स्यात मी इथे दोन्ही हातांनी टाळी वाजवतो, आणि बायका खरोखर दचकतात.

वकिलांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

इथे तुम्हाला आमच्या धंद्यातला एक रिवाज सांगितला पाहिजे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. मालकापुढे कामावरच्या दोघांनी एकमेकांचं काढायचं नाही. काय भांडायचं ते बाहेर, झाडाखाली. ज्याची चूक असेल त्यानं मालकापुढे स्वतः ती घ्यायची, दुसऱ्यानं गप्प राहायचं. गवंडी पाळतो, लोहार पाळतो. वकिलांनी विचारलं, "लाकूड कुणी पास केलं?" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. सहज. आता हे बोलतील, एवढंच त्या पाहण्यात होतं.

मी म्हणालो, "लाकडाचं सगळं मिस्त्री पाहतात."

एवढंच. एक वाक्य. खोटं म्हणावं तर त्यात एक शब्द खोटा नाही, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. वकील त्यांच्याकडे वळले. "गुलाबराव, एवढी वर्षं काम करता, तुम्हाला ओलं लाकूड कळलं नाही?" मिस्त्री अजून माझ्याकडेच पाहत होते. मी फुटकी काच निरखत होतो, फार बारकाईनं. शेवटी ते म्हणाले, "चुकलं, मालक."

मी मोडलेला रिवाज त्यांनी पाळला.

एसटी स्टँडवर आम्ही शेजारी उभे होतो. अचलपूरची गाडी लागली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मायं नाक मले सांगून राहिलं होतं, सायेब. मी नाकाले खोटं पाडलं, तुमाले नाई." वकिलांचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. परत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी काय केलं? मी त्यांना म्हणालो, खिडकीजवळची जागा धरा, वारा लागेल.

ओल्या लाकडाचा मिस्त्री! अकोल्यात त्यांचं हेच नाव पडलं. अमरावतीला पोचलं, मग अचलपुरातही. दारं-खिडक्यांची कामं बंद झाली. ते पाट करू लागले, पोळपाट करू लागले. आणि नाव कुणी पोचवलं, म्हणता? मीच की. किस्सा सांगून. पहिल्यांदा सांगितला तो भीतीनं. कुणी विचारायच्या आत आपणच हसवून मोकळं व्हावं म्हणून. पण लोक असे हसले, असे हसले, की पुढे भीतीचं नावही उरलं नाही. त्यात मी एक छोटीशी कारागिरी केली होती. मिस्त्री जे बोलले ते मी माझ्या तोंडी घातलं, आणि मी जे बोललो ते त्यांच्या. किस्स्यात मी रडकुंडीला येऊन सांगतो, "मिस्त्री, लाकूड ओलं आहे हो!" आणि ते वाकून, नाक फेंदारून शपथ घेतात, "माया नाकावर भरोसा ठेवा, सायेब!" तिथे हमखास टाळ्या.

दोन वर्षांमागे मूर्तिजापूरला एका लग्नात जेवणानंतर मंडळींनी आग्रह धरला. मी रंगात आलो. वाकलो, वास घेतला, काच फोडली. हशा थांबेना. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "अरे, मिस्त्री तर इथंच हायेत ना! मुलीकडून आलेत!" आणि दोघातिघांनी त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. पार थकले होते. किस्सा सुरू झाला तेव्हापासून ते तिथेच बसले असणार — सगळा ऐकला असणार.

"खरं का हो मिस्त्री? शपथ घेतली होती तुमी?"

माझी मुलगी, तेरा वर्षांची, पुढच्याच रांगेत बसून माझ्याकडे हसून पाहत होती. मिस्त्रींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तसंच, जसं वकिलांच्या बैठकीत पाहिलं होतं. थोडं थांबले. मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळलं.

मग त्यांनी हात जोडले. "सायेब सांगून राहिले, तर तसंच असन."

पुन्हा हशा. मीही हसलो. ते चपला शोधून निघून गेले.

पुढच्या महिन्यात दर्यापूरला एका बारशाला मी तो किस्सा पुन्हा सांगितला. या वेळी शेवटी त्यांचं ते वाक्य घातलं, त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखे हात जोडून. सगळ्यांत मोठा हशा त्यालाच आला. तेव्हापासून मी ते एकदाही गाळलेलं नाही.