चिवड्याची गाडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी गिरगावातल्या एका खोलीत लोकांची आयकराची कामे करीत असे. लालबागच्या एका चिवडेवाल्यांनी कर्ज काढून डिलिव्हरीची गाडी घेतली होती. तिचा जेवढा खर्च धंद्यात धरला जाईल, तेवढा त्यांचा कर कमी होणार होता.

“शिवाजी पार्कच्या सभांना गाडी कशाला जायची?” गाडीच्या फेऱ्यांची वही चाळत मी विचारले.

“चिवडा न्यायला, वकीलसाहेब.”

“विकलात?”

“सभेला आलेल्यांना विकायचा? वाटला.”

“विकला असतात तर धंदा झाला असता. आता तेवढा खर्च वगळावा लागेल.”

“वगळा. तिथं धंदा केला असं मात्र लिहू नका.”

जाताना त्यांनी टेबलावर चिवड्याची पुडी ठेवली. “ही विकत हं.”

ती खोली आठवली की आधी तो चिवडा आठवतो.